सूट घालून बाहेर जाण्यास सक्त मनाई

७ एप्रिल, सोमवार

सूट आले. खोके उघडत होते तेव्हा बाबूजी दारात उभे राहून दात कोरत होते. म्हणाले, "बेटा, हळद दळायची आहे का चंद्रावर जायचं आहे?" चक्कीवरचा देवला खी खी करून हसला. आपण फार विनोदी आहोत असं माझ्या सासऱ्यांना वाटतं, आणि अर्ध्या मंगरूळपीरने त्यांना तसं वाटू दिलंय.

हसू देत. बाबूजींशी सौदा ठरलेला आहे. मुंबईच्या निर्यात कंपनीचा माणूस ९ मे रोजी युनिट बघायला येणार. त्याने पास केलं तर हे हळदीचं युनिट माझं, कोणी मध्ये बोलायचं नाही. नापास केलं तर चक्क्या काढून तिथे सोयाबीनचं गोदाम होणार आणि मी परत मम्मीजींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, देखरेखीखाली पापड लाटायला. पुण्यात चार वर्षं फूड टेक्नॉलॉजी शिकून पापड.

कंपनीने पत्रात कामगारांना स्वच्छ संरक्षक पोशाख असावा एवढंच लिहिलंय. पण अर्धवट काम मला येत नाही. मी डोक्यापासून पायापर्यंतचे एकसंध सूट घेतले, टोपी त्यालाच शिवलेली, गळ्यापासून खाली चेन. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडे करोनाच्या वेळचा माल पडून होता. आतून प्लास्टिकचा थर आहे. धूळ सोडाच, हवाही आरपार जाणार नाही असं तो म्हणाला.

तांड्यावरून येणाऱ्या बायांनी सुटांना हात लावला नाही. त्यांची मुकादम रुपाबाई, कायम माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत बोलणारी, ती म्हणाली, "हा तं कोरोनाचा डगला हाय. असेच डगले घालून त्यायनं माह्या भावाले नेलं."

मी म्हटलं, करोना संपला, उद्यापासून घाला. उगाच रडगाणी ऐकत बसले तर ९ मे उजाडायचा नाही.

८ एप्रिल

रुपाबाई तिच्या घेरदार फेटियातच आली, आरसे-कवड्या सगळं अंगावर. तो घागरा सुटात कोंबायला निघाली तर चेन अर्ध्यावर अडली. मी सांगितलं, उद्यापासून साधी साडी नेसून यायचं. तिने त्या घेरावरून एकदा हात फिरवला. तिची सून अंजू तिच्या कानाशी लागून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्यातलं 'याडी' तेवढं मला कळलं, म्हणजे आई. बाकीचं माझ्याबद्दलच असणार.

११ एप्रिल

सकाळी काम बरं होतं आणि जेवणानंतर कोणाचे हातच चालत नाहीत. चाळणीवरची बाई चाळणी धरून नुसती उभी. पाकिटांची वजनं कमी-जास्त. साध्या कपड्यांत हीच माणसं गाणी म्हणत संध्याकाळपर्यंत सगळी हळद उरकायची. आता गाणी बंद, गप्पाही बंद. हा संप आहे, फक्त न सांगता केलेला.

खिडक्या मी बंद ठेवल्या आहेत, नाहीतर धूळ आणि चिमण्या आत येतात. एक एक्झॉस्ट पंखा आहे. बाहेर बेचाळीस आहे असं फोन सांगतो, आत जास्त असेल. पण हळद दळणं म्हणजे काही महाबळेश्वरची सहल नाही.

संयम म्हणाला, "त्यांना गरम होत असेल गं." मी म्हटलं, तुझ्या आईला चुलीपुढे होत नाही का गरम? तो गप्प बसला. माझा नवरा नावाला जागणारा माणूस आहे.

१५ एप्रिल

आज रुपाबाईला गप्प केलं. लिहून ठेवते, कारण असे दिवस कमी येतात.

ती दुपारी ऑफिसात आली. बाबूजी पेपर वाचत होते, देवला चक्कीचा पट्टा मागायला आला होता, वजनकाटा दुरुस्त करणारा एक माणूस खाली बसला होता. ती दाराशी पदर चावत उभी. मला वाटलं रजा मागणार.

"बाईसाब, तुमाले एकटीले सांगाचं होतं."

मी म्हटलं, जे असेल ते इथेच बोला. माझ्याकडे लपवाछपवी चालत नाही.

तिने तिघा पुरुषांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "या डगल्यात बायाइले बाहीर जाता येत नाई."

"मग जायचंच नाही बाहेर," मी म्हटलं. "सूट काय बाहेर मिरवायला दिलाय? आत काम करायचं, सहा वाजता सूट काढायचा, मग कुठे जायचं तिकडे जा."

"सा वाजेलोक?"

"सहा वाजेपर्यंत."

"जेवाच्या सुट्टीतबी नाई?"

"जेवण व्हरांड्यात. सूट घालून कोणी बाहेर गेलेली दिसली तर तिने दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही."

देवला तोंड फिरवून खोकल्यासारखं काहीतरी करू लागला. काटेवाला काट्यात घुसला. बाबूजींनी पेपर डोळ्यांपुढे इतका वर धरला की त्यांचं टक्कलसुद्धा दिसेना. आणि रुपाबाई, पहिल्यांदाच, माझ्या डोळ्यांत सरळ बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. शेवटी तीच गेली.

ती गेल्यावर बाबूजी पेपरामागून म्हणाले, "बेटा, तू जरा तुझ्या मम्मीजीले विचारून घे." काय विचारायचं ते काही सांगितलं नाही. मी विचारणार नाही. प्रत्येक गोष्ट मम्मीजींना विचारायची असती तर मी शिकले कशाला?

मला मुद्दा बरोबर कळलाय. आमचं युनिट शेलूबाजार रस्त्याला लागून आहे, येणारे-जाणारे बघतात, हसतात, म्हणून यांना लाज वाटते. स्वच्छ पांढऱ्या कपड्याची लाज.

१७ एप्रिल

काल बोर्ड लावला. आतल्या भिंतीवर, दाराच्या वर, लाल ऑइलपेंटने: सूट घालून बाहेर जाण्यास सक्त मनाई. तसाही तो स्वच्छतेचा पहिला नियम आहे, आम्हाला कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवलेला.

पेंटरने दोनदा विचारलं, "बाई, असंच लिहू?" मी म्हटलं, मराठी येतं ना तुला? मग लिही.

बायांमध्ये अंजूला वाचता येतं, दहावी झालीय म्हणे. तिने ते वाचून बाकीच्यांना सांगितलं. एक म्हातारी सुंदरबाई आहे, ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होती. आज ती आली नाही. म्हटलं जाऊ दे, शिस्त न मानवणारी माणसं आपणहून गळाली तर बरंच.

२१ एप्रिल

शनिवारी सुटांच्या बाह्या घाण निघाल्या. मी एकेकीची तपासली. हातावरची हळद समजू शकते, पण या बाह्या कोपरापासून टोकापर्यंत ओल्या, चिखलाचा डाग, आणि एक वास. तीन-चार जणींच्या टोप्याही तशाच, पाठीमागून ओल्या. मी विचारलं, कुठे लोळलात? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. अंजू तर इतकी लाल झाली की तिनेच काहीतरी केलं असणार.

शिक्षा दिली. ज्यांचे सूट मळले त्यांनी सुटी झाल्यावर थांबून ते साबणाने धुवायचे, मग घरी. त्यात त्यांचा ऑटो निघून गेला. पायी जाताना रुपाबाई मागे वळून म्हणाली, "तुमच्या संडासात नळबी नाई न कडीबी नाई, बाईसाब. एक डाव पाहून या."

विषय काय आणि ही बोलते काय. बाह्यांबद्दल विचारलं तर संडासाची तक्रार. कामगारांचा संडास गोदामामागे आहे, पत्र्याचा, माझ्या लग्नाआधीपासूनचा. मी तिकडे कधी गेले नाही. ऑफिसला लागून आमचं बाथरूम आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते.

पण शिक्षेचा परिणाम झाला. आज बाह्या स्वच्छ.

२३ एप्रिल

गरम होतं, गरम होतं म्हणून कुरकुर होती ना, म्हणून थंड पाण्याचे जार मागवले. लिंबू, मीठ, साखर माझ्या हाताने घातलं. दिवसभर जार तसेच. कोणी प्यायलं नाही. अंजूने एक पेला घेतला, तोंडात घोळवला आणि कोपऱ्यात जाऊन थुंकून टाकला. माझ्या डोळ्यांसमोर.

मी विचारलं, विष आहे का त्यात?

म्हणाली, "नाई बाईसाब, बेस हाय. पेलं तं मंग..." आणि थांबली.

"मग काय?"

"काई नाई."

ओठ फुटलेत सगळ्यांचे, पण पाणी प्यायचं नाही. का, तर ते मी दिलंय. एवढा द्वेष मी आजवर पाहिला नव्हता. माझ्या सासरीसुद्धा.

२५ एप्रिल

आज सगळ्यांचं तोंड बंद केलं. मी स्वतः सूट घातला आणि ऑफिसात बसून तासभर हिशेब केला. कूलर चालू होता, तो काय माझ्यासाठी बंद करायचा? थोडा घाम आला. मग सूट काढला, अंघोळ केली, ताक प्यायले. बाबूजींना सांगितलं, जमतं. न जमायला काय झालं?

ते म्हणाले, "ते बाया हायत बेटा, दिवसभर..." आणि पुन्हा पेपर. या माणसाला वाक्य पूर्ण करता येत नाही.

२८ एप्रिल

हद्द झाली. आता मात्र हद्द झाली.

आज सूट मोजताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. दोन्ही पायांच्या मधली शिवण उसवलेली, पुढून मागेपर्यंत. एकाची नाही, एकूण एक सुटांची. फाटले असते तर मी समजून घेतलं असतं. पण उसवलेल्या कडा आत दुमडून, बारीक टाके घालून पक्क्या केलेल्या. एका बाजूला कापडाची पट्टी जोडून वर झाकण येईल असं केलेलं. आणि टाके रंगीत, लाल-निळ्या दोऱ्याचे, त्यांच्या घागऱ्यांवर असतात तसे. म्हणजे निवांत बसून, ठरवून, कौतुकाने माझा माल खराब केलाय. निर्यात कंपनीचा माणूस अकरा दिवसांवर आलेला असताना.

सगळ्यांना उभं केलं. कोणी केलं?

"म्या केलं," अंजू म्हणाली. मान खाली.

"मी सांगतलं तिले कराले," रुपाबाई म्हणाली.

"का?"

रुपाबाई माझ्याकडे बघत राहिली. देवला चक्कीपाशी उभा होता, त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तुमाले कयत नाई, का कयून घेत नाई?"

"मला सगळं कळतं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पोत्याकडे वळली.

गुलाबसिंग टेलरला बोलावून सगळ्या शिवणी पुन्हा घालून घेतल्या. जाड दोरा, दुहेरी टाका. त्याला सांगितलं, अशी शिव की दातांनीसुद्धा उसवता येता कामा नये. ते रंगीत टाके त्याने कात्रीने उडवले. म्हणाला, हात चांगला आहे बाईचा. मी म्हटलं, कामात दाखवावा.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. मम्मीजींच्या वर्षीतपाचं पारणं. वर्षभर एक दिवसाआड उपवास केला या बाईने, उपवासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी, आणि सूर्य मावळल्यावर तेही नाही. सगळं मंगरूळ पारण्याचा उसाचा रस घेऊन लोटलं होतं. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं, साठीची बाई हे करू शकते, आणि तांड्यावरच्या धडधाकट बायांना एक सूट सोसत नाही.

गर्दीत त्यांनी माझा हात धरून विचारलं, "युनिटमधल्या बाया पाणी पितात ना उन्हाच्या? लक्ष ठेव, कृतिका. बाईमाणूस पाणी टाळतं." मी म्हटलं, जार भरून ठेवलेत. का टाळतं ते विचारणार होते, बाबूजी म्हणाले होते ना विचार म्हणून, पण तेवढ्यात पाहुणे आले.

५ मे, सोमवार

चार दिवस राहिले आणि काम निम्म्यावर. अंजूला आज तीनदा ओरडले. लेबलं उलटी लावली, मग म्हणे डोकं दुखतं, मग चाळणीचा दांडा हातातून सुटला. नवरा बादल पुण्याकडे कुठे ट्रक चालवतो, लहान पोर घरी, रात्री झोपत नसेल, ते मी का भोगायचं? तिला चक्कीशेजारी चाळायला लावलं, म्हणजे देवलाची नजर राहील.

एक गोष्ट मात्र मी टिपली. बाकीच्या घामाने निथळत होत्या, आणि ही म्हणते मला लय गरम होऊन राह्यलं, पण चेहरा कोरडा ठणठणीत. घामाचा थेंब नाही. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, घाम तरी आणायचास. नाटक करायला पण अक्कल लागते.

७ मे

काल लिहिता आलं नाही.

अंजू पडली. जेवणानंतर, चाळणीवरच. मला आधी नाटक वाटलं. हे मी खोडणार नाही, तसंच वाटलं. मग तिचे हातपाय झटके द्यायला लागले. चेन हळदीने जाम झालेली, निघेना. रुपाबाईने पोती कापायच्या सुरीने सूट गळ्यापासून खाली फाडला. आतून वाफ आली. अंग तव्यासारखं तापलेलं. रुपाबाईने माझ्या जारमधलं सगळं लिंबूपाणी तिच्या अंगावर ओतलं. बाबूजींनी स्वतः गाडी काढली.

वाशिमच्या दवाखान्यात नर्स कागद भरत होती. विचारलं, "सकाळपासून बाहेर गेली होती का?"

मला वाटलं ही उन्हात फिरली का ते विचारतेय, आमच्यावर ठपका येईल. म्हणून रुपाबाईच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, "नाही. एकदाही नाही. आमच्याकडे कोणालाच जाऊ देत नाही. तसा बोर्ड लावलाय मी."

नर्सने पेन थांबवलं. "कशाचा बोर्ड?"

"बाहेर न जाण्याचा. सहा वाजेपर्यंत."

"लघवीला जाऊ देत नाही?"

मी म्हटलं नाही नाही, लघवीला नाही, बाहेर. बाहेर. मी तो शब्द दोन-तीनदा म्हटला. नर्स माझ्याकडे बघत होती, तिच्या मागचा वॉर्डबॉय बघत होता. मग मी रुपाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुन्हा पहिल्यासारखी, खांद्यावरून मागे, भिंतीकडे.

नर्सला म्हणाली, "लिवा बाई. काल सकाई तांड्यावर गेल्ती. मंग नाई. पानी पेत नोती, जा लागू नाई म्हून."

तिथून तिला अकोल्याला नेलं. किडन्यांनी काम बंद केलंय, लघवी तयारच होत नाही असं डॉक्टर म्हणाले. मशीनवर ठेवलंय. पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही.

मला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. सरळ शब्दांत. मी पुण्याची, आमच्याकडे बाहेर जाणं म्हणजे हॉटेलात जाणं. मला काय स्वप्न पडणार होतं?

घरी आल्यावर बाबूजींना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना त्या दिवशी?"

ते बूट काढत होते. म्हणाले, "हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सुनेले असं कसं सांगू बेटा? म्हनून तं म्हटलं मम्मीजीले विचार."

देवलाला कळलं होतं. काटेवाल्याला कळलं होतं. पेंटरने दोनदा विचारलं. सगळ्या पुरुषांना कळलं होतं, आणि सगळे इतके सभ्य की कोणी एका बाईपुढे तोंड उघडलं नाही. मला त्या सगळ्यांचा राग येतोय. स्वतःचा येत नाही असं नाही, पण त्यांचा जास्त येतोय, आणि मी तो येऊ देतेय.

दुपारी गोदामामागे जाऊन आले. पत्र्याचं दार, कडी नाही, दाराला आतून हाताने धरून बसावं लागतं. जमीन ओली. तिथे सूट काढायचा म्हणजे खांद्यावरून उतरवून खाली सोडायचा. बाह्या आणि टोपी कुठे पडत असतील ते कळलं.

८ मे

तांड्यावरून कोणी आलं नाही. मी बोर्ड पुसायला टर्पेंटाइन मागवलं. बाबूजी म्हणाले, उद्या तो माणूस येतोय, भिंतीवर लाल धब्बा कायले करते, परवा पूस. मी बाटली खाली ठेवली. त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि मी एका वाक्यात ऐकलं.

९ मे, शुक्रवार

देवलाने त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीने रिठदच्या सहा-सात बाया आणल्या. तासभर सूट घालून उभं राहायचं, एवढंच काम. त्यांना आधी मी स्वतः बाजूला घेऊन सांगितलं, सरळ शब्दांत, की आमचं बाथरूम उघडं आहे. त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

मुंबईचा माणूस आला. सूट हातात घेऊन पाहिले. शिवण दोन्ही हातांनी ताणून म्हणाला, "वा, दुहेरी टाका घातलाय." मग बोर्डापाशी थांबला. मोबाइल काढून फोटो घेतला. म्हणाला, "मॅडम, हे आम्ही लोकांना सांगून सांगून थकतो, कोणी लावत नाही. बाकीच्या युनिटना दाखवेन मी."

पास. पूर्ण पास. युनिट माझं. बाबूजींनी त्याच्यादेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तो गेल्यावर मी अकोल्याला फोन केला. रुपाबाईने उचलला आणि लगेच ठेवला. मग बादलने उचलला. पुण्याहून आला होता. म्हणाला, "माय म्हनते तुमच्यासंग बोलू नोको. काई सांगाचं असलं तं तिच सांगन."

१० मे, शनिवार

सकाळपासून घरात पेढे. बाबूजींनी चार-पाच व्यापारी बोलावले होते, हॉलमध्ये बसून सगळ्यांना आपल्या सुनेचं कौतुक सांगत होते. मी आत चहा गाळत होते.

संयम आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "रुपाबाईचा फोन होता. एवढंच म्हणाली, अंजू गेली म्हनून सांगा तिले, आणि ठेवला."

गाळणी हातात होती. ते लाल-निळे टाके डोळ्यांपुढे येत राहिले, गुलाबसिंगच्या कात्रीतून जमिनीवर पडलेले. मग मीच फोन लावला. यावेळी तिने उचलला.

"रुपाबाई, कधी?"

"सकाई."

मी फोन कानाशी दाबून धरला. ती थांबून होती. मी रडते का ते ऐकत असावी.

मग म्हणाली, "थैली भरली अर्धी. नर्सबाई धावत आली दाखवाले. डाक्टर म्हने, आता जगते."

"म्हणजे, गेली म्हणजे..."

"बाहीर गेली." तिचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. "तुले इचारलं नाई जाच्या आंधी."

आजवर बाईसाब म्हणणारी, आज तू म्हणाली. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आमी कोनी येनार नाई आता. दुसऱ्या बाया पाह्य." आणि फोन ठेवला.

मी तशीच हॉलमध्ये गेले. डोक्यावर पदर नव्हता. बाबूजींनी पेढ्यांचं ताट खाली ठेवून विचारलं, "काय झालं बेटा?"

"अंजूला लघवी झाली," मी म्हटलं, सगळ्यांपुढे, मोठ्याने.

व्यापारी पेढ्यांकडे बघायला लागले. बाबूजींचा हात सोफ्यावर इकडेतिकडे फिरला. आजचा पेपर तिथे नव्हता.